स्वतःची उष्णता स्वतः आवरणारं प्लास्टिक: सेल्फ-रेग्युलेटिंग हीटर आणि रिसेटेबल फ्यूजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाइप गोठू नये म्हणून त्यावर बसवलेली हीटिंग केबल आणि यूएसबी पोर्टच्या मागे सोल्डर केलेला छोटासा रिसेटेबल फ्यूज (जादा करंट आला की तो अडवणारा आणि नंतर आपोआप पूर्ववत होणारा) यांच्या पोटात जवळपास एकच काळा पदार्थ असतो. तो नीट समजला की दोन्ही वस्तूंबद्दलच्या बहुतेक शंका आपोआप सुटतात, म्हणून दोघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुढे सारखी लागणार आहे: या पदार्थाला फक्त स्वतःचं तापमान कळतं. करंट किती आहे, पाइप किती गरम आहे, सर्किटमध्ये शॉर्ट आहे की नाही, हे त्याला थेट कळत नाही. या गोष्टींचा त्याच्या स्वतःच्या तापमानावर जेवढा परिणाम होतो तेवढंच कळतं.

हा पदार्थ नेमका कशाचा बनलेला असतो?

बहुतेक वेळा पॉलिएथिलीन आणि कार्बन ब्लॅक यांचा. पॉलिएथिलीन म्हणजे पिशव्या, बादल्या, पाइप ज्याचे होतात तेच प्लास्टिक. कार्बन ब्लॅक म्हणजे कारखान्यात मुद्दाम तयार केलेली अतिसूक्ष्म काजळी. टायरचा काळा रंग तिचाच. दोन्ही गरम करून एकजीव मळायचे आणि हवा तो आकार काढायचा. जास्त तापमानाच्या केबलसाठी पॉलिएथिलीनऐवजी फ्लोरोपॉलिमर, म्हणजे फ्लोरिन असलेलं प्लास्टिक, वापरतात. अगदी कमी रोध हवा असेल तर कार्बनऐवजी निकेलची पूड घालतात, पण निकेलला हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून वर खास आवरण द्यावं लागतं.

प्लास्टिक तर विजेचं दुर्वाहक. मग त्यातून वीज वाहते कशी?

प्लास्टिकमधून नव्हे, त्यात विखुरलेल्या कार्बनच्या कणांवरून वाहते. कार्बन थोडाच घातला तर कण एकमेकांपासून लांब राहतात आणि मिश्रण दुर्वाहकच राहतं. प्रमाण वाढवत नेलं की एका टप्प्यावर कणांच्या साखळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळतात आणि रोध एकदम कोसळतो. या टप्प्याला पर्कोलेशन थ्रेशोल्ड म्हणतात. तो कोणत्या प्रमाणाला येईल हे कार्बनच्या जातीवर ठरतं. कणांचे लांब, फांद्याफांद्यांचे पुंजके असतील तर थोडक्यात काम होतं. मोठे, सुटे कण असतील तर बराच जास्त कार्बन लागतो.

कण एकमेकांना चिकटलेलेच असले पाहिजेत असंही नाही. मधे काही नॅनोमीटरचं अंतर असलं तरी इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे मधला अडथळा जणू आरपार ओलांडून, पलीकडे जातात. फक्त ते अंतर जरासं वाढलं की टनेलिंगची शक्यता घातांकी वेगाने घसरते. पुढची सगळी गंमत या वाक्यात आहे.

तापल्यावर रोध अचानक हजारो पटींनी का वाढतो?

पॉलिएथिलीन अंशतः स्फटिकी असतं. त्यातले काही भाग शिस्तीत रचलेले स्फटिक असतात, बाकीचे भाग अस्ताव्यस्त. स्फटिकी भागाची घनता साधारण १.०० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि अस्ताव्यस्त भागाची सुमारे ०.८५. कार्बनचे कण स्फटिकांमध्ये शिरू शकत नाहीत. ते उरलेल्या अस्ताव्यस्त भागात दाटीवाटीने राहतात. म्हणूनच थोड्या कार्बनमध्येही साखळ्या जुळतात.

तापमान वाढून स्फटिकांच्या वितळणबिंदूजवळ गेलं (उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा साधारण १३० अंश सेल्सिअस) की स्फटिक वितळतात, अस्ताव्यस्त होतात आणि जास्त जागा व्यापतात. प्लास्टिक एकदम फुगतं, कार्बन मात्र जवळपास आहे तेवढाच राहतो. ओढा ओलांडायला टाकलेले दगड एकमेकांपासून वीतभर सरकले तर अंतर थोडंच वाढतं, पण उडी मात्र पोहोचत नाही. तसंच इथे होतं. साखळ्या तुटतात, टनेलिंग थांबतं आणि मोजक्या अंशांच्या फरकात रोध हजारपट, काही मिश्रणांमध्ये दहा लाखपटही वाढतो. तापमानाबरोबर रोध वाढण्याच्या या गुणाला पॉझिटिव्ह टेंपरेचर कोइफिशंट, म्हणजे पीटीसी म्हणतात. तांब्याचा रोधही तापल्यावर वाढतो, पण एका अंशाला अर्ध्या टक्क्याहून कमी. इथली उडी पूर्ण वेगळ्या जातीची आहे.

ही उडी कोणत्या तापमानाला घ्यायची हे पॉलिमर निवडून ठरवता येतं. कमी घनतेचं पॉलिएथिलीन साधारण ११० अंशांजवळ वितळतं, पीव्हीडीएफ हे फ्लोरोपॉलिमर १७० च्या आसपास, आणि व्हिनाइल अॅसिटेट मिसळलेलं एथिलीन त्याहून बरंच खाली. वितळणबिंदू निवडला की उडीचं तापमान निवडलं.

२००० सालचं नोबेल मिळालेले वाहक पॉलिमर हेच का?

नाही. अॅलन हीगर, अॅलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांना रसायनशास्त्राचं ते पारितोषिक मिळालं ते पॉलिअॅसिटिलीनसारख्या पॉलिमरसाठी. तिथे पॉलिमरची साखळी स्वतःच वीज वाहते. इथे साखळी दुर्वाहकच असते आणि वीज कार्बनवरून जाते. दोन्हींना 'वाहक पॉलिमर' म्हटलं जातं, त्यामुळे शोधताना घोळ होतो.

मग याचा शोध कुणी लावला?

कार्बन भरलेल्या पॉलिमरच्या या वागण्याची नोंद बेल लॅब्जच्या जेराल्ड पिअरसन यांच्या १९३९ च्या पेटंट अर्जापासून सापडते. पण बाजारात विकता येईल अशी वस्तू व्हायला काही दशकं गेली. त्यात अमेरिकेतल्या रेकेम कंपनीचा वाटा मोठा आहे. पॉल कुक यांनी १९५७ मध्ये ती सुरू केली ती प्लास्टिकवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे गुण बदलण्याच्या तंत्रावर. सेल्फ-रेग्युलेटिंग केबल १९७० च्या दशकात आली आणि पॉलिस्विच या नावाचे रिसेटेबल फ्यूज १९८० च्या दशकात पसरले. पुढे कंपनी विकली गेली आणि हे दोन धंदे वेगवेगळ्या हातांत गेले.

इलेक्ट्रॉनांचा मारा कशासाठी?

हा मुद्दा पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, पण माझ्या मते हा पदार्थ कामाचा झाला तो यामुळेच. साधं मिश्रण वितळणबिंदूच्या पुढे तापवलं तर रोध वर जाऊन पुन्हा खाली येऊ लागतो. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये कार्बनचे कण मोकळे होतात, सरकून नव्याने एकत्र येतात आणि तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळतात. म्हणजे ज्या क्षणी रोध सगळ्यांत जास्त हवा, त्याच क्षणी तो घटायला लागतो. करंट वाढतो, तापमान आणखी चढतं, आणि शेवट जळण्यात होतो.

इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने पॉलिमरच्या साखळ्या जागोजागी एकमेकींना जोडल्या, म्हणजे क्रॉसलिंक केल्या, की स्फटिक वितळले तरी पदार्थ पातळ होऊन वाहत नाही. रबरासारखा आकार धरून राहतो. कण फारसे भटकत नाहीत. थंड झाल्यावर स्फटिक पुन्हा बनतात आणि रोध बराचसा पूर्वपदावर येतो. हे चक्र हजारो वेळा चालतं ते या जोडण्यांच्या जोरावर.

सेल्फ-रेग्युलेटिंग केबल आतून कशी असते?

केबलचं टोक धारदार कटरने सरळ कापून बघा. पट्टीसारख्या चपट्या काळ्या गाभ्याच्या दोन कडांना तांब्याच्या बहुतारी वायर दिसतात, बहुधा कथील किंवा निकेल चढवलेल्या. मधला काळा भाग हाच तापणारा पदार्थ. त्यावर इन्सुलेशन, त्यावर कथील चढवलेल्या तांब्याची विणलेली जाळी आणि सगळ्यांत बाहेर जॅकेट.

वीज एका वायरने जाते आणि दुसरीने परत येते, पण मधल्या प्रत्येक ठिकाणी काळ्या गाभ्यातून आडवी पार होते. त्यामुळे केबलचा प्रत्येक सेंटिमीटर हा समांतर जोडलेला स्वतंत्र हीटर असतो. ज्या ठिकाणी पाइप थंड आहे तिथला गाभा आक्रसलेला राहतो, रोध कमी, उष्णता जास्त. दोन मीटर पुढे पाइप गरम यंत्राजवळून जात असेल तर तिथला गाभा फुगतो आणि उष्णता कमी करतो. एकाच केबलवर, एकाच वेळी. थर्मोस्टॅटला हे कधीच जमणार नाही, कारण त्याचा सेन्सर एकाच जागी असतो.

यामुळेच ही केबल हवी तिथे कापता येते आणि व्हॉल्व्हवर गुंडाळताना एकमेकांवर आली तरी जळत नाही. ठरलेल्या लांबीच्या, कायम एकच वॅट देणाऱ्या केबलशी असं केलं तर ओलांडणीच्या जागी ती स्वतःला जाळून घेते.

शेवटच्या टोकाला दोन्ही वायर एकत्र पिळायच्या का?

कधीही नाही. ही चूक वारंवार होते, कारण साध्या हीटरच्या तारेत सर्किट पूर्ण करायला टोकं जोडावी लागतात. इथे सर्किट गाभ्यातूनच पूर्ण झालेलं असतं. दोन्ही वायर जोडल्या तर तो थेट शॉर्ट. टोकाला त्या एकमेकींना लागणार नाहीत अशा कापायच्या, बहुतेक किटमध्ये मधला गाभा खाचेसारखा काढून टाकायला सांगतात, आणि वरून एंड सील, म्हणजे टोक बंद करणारी टोपी, घट्ट बसवायचं. सीलमध्ये कंजुषी करू नका. या केबलचे बिघाड बऱ्याचदा टोकातून किंवा जोडातून शिरलेल्या पाण्याने सुरू होतात.

केबल स्वतःच आवरते, मग थर्मोस्टॅट कशाला?

'सेल्फ-रेग्युलेटिंग' या शब्दाने सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. केबल उष्णता कमी करते, बंद करत नाही. उन्हाळ्यात पाइप ३० अंशांवर असताना गोठण्याचा प्रश्नच नसतो, तरी ती वीज खात राहते, कारण तिच्या स्वतःच्या वितळणबिंदूपासून ३० अंश फार लांब आहेत. स्वतःला जाळणार नाही एवढीच हमी तिच्या गुणात आहे. तुमच्या पाइपला किती तापमान हवं हे तिला माहीतच नाही.

म्हणून विजेचा खर्च वाचवायचा असेल किंवा पाइपमधला द्रव ठरावीक पट्ट्यातच ठेवायचा असेल, तर थर्मोस्टॅट लागतोच. केबल सुरक्षिततेची बाजू सांभाळते, थर्मोस्टॅट काटकसरीची.

थंडीत चालू केल्याबरोबर एमसीबी का पडते?

गारठलेल्या गाभ्याचा रोध सगळ्यात कमी असतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं करंट नेहमीपेक्षा बराच जास्त जातो. केबल तापली की तो उतरतो. निर्मात्याच्या तक्त्यात सुरुवातीचं तापमान आणि एमसीबीचं रेटिंग यांनुसार एका सर्किटची कमाल लांबी दिलेली असते. ती लांबी बघून सर्किट आखलं तर हा त्रास होत नाही. नुसती मोठी एमसीबी बसवणं हा उपाय नव्हे. आणि ३० मिलिअँपिअरचं अर्थ-लीकेज संरक्षण, म्हणजे जमिनीकडे करंट गळू लागला की वीज तोडणारं उपकरण, हवंच: ओलं होऊन जाळीकडे ठिणग्या टाकणारी केबल साध्या एमसीबीला दिसत नाही.

केबल चांगली आहे हे मल्टिमीटरने तपासता येईल का?

दोन वायरींमधला रोध मोजून फारसं कळत नाही. तो लांबी आणि तापमान या दोन्हींवर बदलतो, त्यामुळे तुलना कशाशी करणार? खरी चाचणी मेगरची, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरची. दोन्ही वायर एकत्र धरून त्या आणि जाळी यांच्यामध्ये इन्सुलेशनचा रोध मोजायचा. निर्माते त्यासाठी २५०० व्होल्ट डीसीपर्यंत चाचणी सांगतात. ती तीनदा करावी: रीळ आलं तेव्हा, पाइपवर केबल बसवल्यावर आणि वरचं उष्णतारोधक आवरण चढवल्यावर. तिसरी चाचणी लोक टाळतात, आणि नेमकं ते आवरण चढवतानाच स्क्रू किंवा पत्र्याची कड केबलमध्ये घुसते.

केबल चालते आहे पण ऊब कमी वाटते, असं असेल तर गाभा म्हातारा झाला असण्याची शक्यता आहे. कमाल मर्यादेपेक्षा जास्त तापमान सोसलेल्या केबलचा रोध कायमचा वाढतो. गरम वाफेने धुतल्या जाणाऱ्या पाइपवर कमी तापमानाची केबल लावली की हे घडतं.

रिसेटेबल फ्यूज साध्या फ्यूजपेक्षा वेगळा कसा?

साधा फ्यूज वितळून तुटतो आणि बदलावा लागतो. पॉलिमर पीटीसी, म्हणजे पीपीटीसी, तापून रोध वाढवतो (यालाच ट्रिप होणं म्हणतात) आणि थंड झाल्यावर परत येतो. रचना अगदी साधी: धातूच्या दोन पत्र्यांमध्ये कार्बन भरलेल्या पॉलिमरची पातळ चकती. बॅटरी पॅक, यूएसबी पोर्ट, मोटारींच्या खिडक्यांच्या मोटर, टेलिफोनच्या लाइन अशा ठिकाणी तो वापरतात, म्हणजे जिथे बिघाड तात्पुरता असतो आणि फ्यूज बदलायला कुणी जाणार नसतं.

होल्ड करंट आणि ट्रिप करंट यांत फरक काय?

होल्ड करंट म्हणजे ज्यावर तो कधीच ट्रिप होणार नाही याची हमी. ट्रिप करंट म्हणजे ज्यावर तो नक्की ट्रिप होईल. ट्रिप करंट बहुधा होल्डच्या दुप्पट असतो. मधल्या पट्ट्यात काहीही होऊ शकतं, आणि तिथे भरवसा ठेवून सर्किट आखू नये.

हे आकडे २० ते २५ अंशांच्या खोलीतले असतात हे विसरू नका. त्याला फक्त स्वतःचं तापमान कळतं, म्हणून बंद डब्यात ६० अंशांवर बसलेल्या पीपीटीसीला ट्रिप व्हायला कमीच करंट पुरतो. डेटाशीटमधला डीरेटिंगचा, म्हणजे तापमानानुसार क्षमता किती घटते याचा, तक्ता बघा. ६० अंशांवर होल्ड करंट साधारण दोन-तृतीयांशापर्यंत उतरलेला दिसेल. 'उगाच ट्रिप होतो' अशी तक्रार असेल तर मी पहिली शंका या तक्त्यावर घेईन, दुसरी शेजारच्या गरम व्होल्टेज रेग्युलेटरवर. उलट, कडाक्याच्या थंडीत तो जास्त करंट सोडतो. तेव्हा वायर तेवढा करंट झेलेल का हे तपासायला हवं.

ट्रिप झाल्यावर करंट पूर्ण थांबतो का?

नाही, आणि हे एका हिशेबाने नीट दिसतं. समजा १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये पीपीटीसी आहे, थंड असताना रोध ०.१ ओहम, आणि ट्रिप अवस्थेत गरम राहण्यासाठी त्याला १ वॅट लागतो. पलीकडे शॉर्ट झाला की सगळे १२ व्होल्ट त्याच्यावर पडतात. १ वॅट राखण्यासाठी करंट ८३ मिलिअँपिअर आणि रोध १४४ ओहम होतो. पुरवठा २४ व्होल्टचा असता तर करंट निम्मा, ४२ मिलिअँपिअर, आणि रोध ५७६ ओहम झाला असता. वॅट तेवढाच राहतो, कारण तापमान तेवढंच राखायचं आहे. हीटिंग केबलचं वागणं तुम्हाला इथे जसंच्या तसं दिसेल: ट्रिप झालेला पीपीटीसी हा एक छोटा सेल्फ-रेग्युलेटिंग हीटरच आहे, पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर तापलेला. त्याला चिकटून वायर किंवा कपॅसिटर ठेवू नका.

शॉर्ट काढला तरी सर्किट चालू का होत नाही?

कारण उरलेला करंटही त्याला गरम ठेवायला पुरतो. वरचंच उदाहरण घ्या. शॉर्ट काढला आणि २४ ओहमचा नेहमीचा लोड जोडलेला राहिला. अशा सर्किटमधून पीपीटीसीला जास्तीत जास्त किती वॅट मिळू शकतात? व्होल्टेजचा वर्ग भागिले लोडच्या रोधाची चौपट: १४४ भागिले ९६, म्हणजे १.५ वॅट. लागतो १ वॅट. म्हणजे तो गरमच राहणार. लोड ४८ ओहमचा असेल तर जास्तीत जास्त ०.७५ वॅट मिळतात, एवढ्यात तो गरम राहू शकत नाही आणि आपोआप परत येतो.

पहिल्या प्रकारात वीज बंद करून थोडं थांबायचं, थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा चालू करायचं. हा दोष नाही. बिघाड कायम असताना सर्किट चालू-बंद-चालू असं धडपडत राहण्यापेक्षा असं अडकून राहणं बरं.

ट्रिप झाल्यावर तो पूर्वीसारखा होतो का?

बहुतांशी, पण पूर्ण नाही. स्फटिक पुन्हा बनायला वेळ लागतो आणि कणांची रचना जशीच्या तशी जमत नाही. म्हणून डेटाशीटमध्ये ट्रिप किंवा सोल्डरिंगनंतर एका तासाने मोजलेला कमाल रोध वेगळा दिलेला असतो. सर्किटमधला व्होल्टेज ड्रॉप त्या आकड्याने मोजा, नव्या तुकड्याच्या रोधाने नाही. रोज ट्रिप होईल अशा जागी तो स्विच म्हणून वापरू नये. तो अपवादात्मक बिघाडासाठी आहे.

तो माणसाला शॉकपासून वाचवेल का?

नाही. माणसाला अपाय करणारा करंट त्याला तापवायलाही पुरत नाही.

सिरॅमिक पीटीसी आणि पॉलिमर पीटीसी यांत कोणता निवडावा?

सिरॅमिक म्हणजे बेरियम टायटनेट. त्याची उडी स्फटिकरचना बदलण्यामुळे येते, शुद्ध पदार्थात सुमारे १२० अंशांना. शिसं मिसळून ती वर आणि स्ट्रॉन्शियम मिसळून खाली नेता येते. तो जास्त तापमान आणि जास्त व्होल्टेज झेलतो, म्हणून हवा तापवणाऱ्या हीटरमध्ये तोच दिसतो. पण त्याचा थंड रोध जास्त असतो. काही अँपिअर करंट वाया न घालवता जाऊ द्यायचा असेल तर पॉलिमर, आणि लांब, लवचीक, कापता येणारा हीटर हवा असेल तरीही पॉलिमरच.

पीपीटीसी एपॉक्सीत बुजवला तर चालेल का?

कडक एपॉक्सीत नको. त्याचं सगळं काम फुगण्यावर चालतं. चारी बाजूंनी घट्ट दाबलं तर स्फटिक वितळूनही कण लांब जाऊ शकत नाहीत आणि रोध हवा तेवढा चढत नाही. क्लॅम्पखाली चिरडणं, पत्र्यात कोंबणं हेही तसंच घातक. सिलिकॉन तेलं आणि काही सॉल्व्हंट पॉलिमरमध्ये मुरून त्याचे गुण बदलतात, त्यामुळे बोर्ड धुण्याचं रसायन आधी तपासा.

व्होल्टेज रेटिंग कमी पडतं म्हणून दोन एकापुढे एक जोडले तर?

उपयोग नाही. दोघांपैकी एक नेहमी दुसऱ्याच्या आधी ट्रिप होतो आणि मग सगळं व्होल्टेज त्या एकावरच पडतं. त्याचं रेटिंग ओलांडलं तर तो जळू शकतो. समांतर जोडणी मात्र बऱ्यापैकी चालते: जो जास्त तापतो त्याचा रोध वाढतो आणि करंट शेजाऱ्याकडे वळतो. तरी जास्त रेटिंगचा एकच तुकडा मिळत असेल तर तोच घ्या.